वर्षभराचे थेंब

आखातात राहणारी मराठी माणसं आजारी पडतात ती जुलैत. बाकीचे अकरा महिने त्यांना काही होत नाही, कारण व्हायला परवानगीच नसते. दात ठणकला की लवंग, गुडघा धरला की बाम, आणि उरलेल्या सगळ्यावर एकच औषध, सुट्टीत बघू. मग शाळा बंद झाल्या की आम्ही पुण्या-मुंबईला जाऊन थडकतो आणि तीन आठवड्यांत दात, हाडं, रक्ताच्या तपासण्या, चष्मे, ब्लाउज शिवायला टाकणं आणि दोन लग्नं असं सगळं उरकून परत येतो. इथे दवाखाने नाहीत असं नाही. चांगले चकचकीत आहेत, ऑफिसचा विमाही आहे. पण इथे काही घ्यायचं म्हटलं की आधी दिरहम ऐकायचे, मग मनात त्याचे रुपये करायचे, आणि तेवढ्यात जे काही दुखत असेल ते थांबतं.

मीही याच पंथातली. वीस वर्षं शारजात राहते आणि रोज स्वतः गाडी चालवत दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात जाते. स्वतः हा शब्द मी मुद्दाम घातला. इथलं लायसन मला सहाव्या परीक्षेत मिळालं. पाच वेळा नापास झालेल्या बाईला गाडीची जी किंमत असते ती पहिल्या फटक्यात पास झालेल्या माझ्या नवऱ्याला कळणार नाही. त्याचा कारखाना दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आहे, तो कंपनीच्या बसने झोपत जातो आणि झोपत येतो.

गेल्या वर्षीच्या सुट्टीत मी पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले ती केवळ चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायला. त्यांनी नंबर काढला, दाब मोजला, मग बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालून आत बघत बसले. बराच वेळ बघत बसले. नंतर नसेचा स्कॅन काढला आणि म्हणाले, काचबिंदू आहे, सुरुवात आहे. मला तर काहीच होत नव्हतं. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, दिसायलाही स्वच्छ दिसत होतं. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, घाई कशाला, पिकू दे, मग काढून टाकतील, माझा नाही का काढला. त्यांचा मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी मला तोच फरक समजावला होता. डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून त्याचा निचरा होत असतो. निचरा कमी पडला की दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरत जाते. मोतीबिंदूने अधू झालेली नजर ऑपरेशनने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही, उरलेली तेवढी राखायची. त्यासाठी रोज ठरल्या वेळी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, आयुष्यभर. शिवाय दर चार महिन्यांनी तपासणी, आणि गुरुवारी येऊन नजरेच्या कडा तपासायची एक टेस्ट.

गुरुवारी आम्ही कोल्हापूरला लग्नात होतो. आणि दर चार महिन्यांनी म्हटल्यावर मला हसू आलं. आम्ही वर्षातून एकदाच येतो असं मी सांगितलं, तर ते म्हणाले मग तिथे दाखवा. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

औषधवाल्याकडून मात्र मी अख्ख्या वर्षाची बेगमी केली. त्याने बारा बाटल्या काढल्या, दर महिन्याला एक. न फोडलेली फ्रिजमध्ये ठेवायची, फोडलेली महिन्याने टाकून द्यायची, असं त्याने बजावलं. महिन्याने टाकून द्यायची हे ऐकून माझ्यातली पुणेकरीण जागी झाली. आमच्या घरात टूथपेस्टची ट्यूब कात्रीने मधोमध कापून आणखी चार दिवस चालते. औषध बाटलीत शिल्लक असताना बाटली फेकायची, हा कंपन्यांचा धंदा मला कळत नाही का? मी सहाच घेतल्या. एक बाटली दोन महिने, सहा दुणे बारा.

त्याने थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून दिला होता. तो डबा बॅगेत मावेना. तो काढला असता तर मेतकूट, भाजणी आणि दिवाळीच्या आधीच केलेल्या चकल्या मावत होत्या, म्हणून तो काढला. बाटल्या नवऱ्याच्या मोज्यांत घातल्या आणि आणल्या. इथे फ्रिजमध्येही जागा नव्हती, इडलीचं पीठ होतं. पण घरात चोवीस तास एसी चालतो, म्हणजे घरच फ्रिज आहे, असा मी निवाडा केला आणि बाटल्या स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात, शेगडीच्या डोक्यावर ठेवल्या.

थेंबांची वेळ संध्याकाळी आठ. आठ वाजता मी मुलीला बॅडमिंटनच्या क्लासहून आणायला गेलेली असते, पार्किंगमध्ये गाडीत बसून. म्हणून चालू बाटली गाडीतच ठेवली, डॅशबोर्डच्या कप्प्यात. आठ वाजले की मान मागे टाकायची आणि थेंब सोडायचे. एकही दिवस चुकले नाही. ताप असताना चुकले नाही, ईदच्या सुट्टीत ओमानला गेलो तेव्हाही चुकले नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

यंदा मुलगी बारावीला, त्यामुळे सुट्टी रद्द झाली आणि जूनमध्ये सहावी बाटली संपत आली. नाइलाजाने इथल्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. हेतू एवढाच की चिठ्ठी लिहून घ्यायची.

डॉक्टरीणबाई इजिप्तच्या, माझ्याच वयाच्या, मोठ्याने हसणाऱ्या. पहिल्या दोन मिनिटांत मला हबीबती, म्हणजे लाडके, म्हणून मोकळ्या झाल्या. त्यांनी दाब मोजला आणि हसणं थांबवलं. पुन्हा मोजला. पुण्यात औषध सुरू होण्याआधी सव्वीस होता, आता वर्षभर औषध घेऊन अठ्ठावीस. थेंब विसरता का, असं त्यांनी विचारलं. मला रागच आला. मी म्हटलं की मी पोळीला तूप लावायला विसरेन, थेंब नाही. हे इंग्रजीत नीट सांगता आलं नाही, पण राग पोचला.

मग त्यांनी मला ती कोल्हापूरच्या लग्नात बुडालेली टेस्ट करायला पाठवलं. ती घेणारी बाई फिलिपिनो होती, हळू आवाजाची. अंधारी खोली, समोर एक मोठा पांढरा वाडगा आडवा ठेवल्यासारखं यंत्र. त्यात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीकसा दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. टेस्ट म्हटलं की माझ्या अंगात येतं. शाळेत मी कधी पेपर कोरा सोडला नाही, उत्तर येत नसलं तरी काहीतरी लिहून आले. इथेही थोड्या वेळात माझ्या लक्षात आलं की दिवे साधारण एका तालात येतात. मग मी तालात बटण दाबायला लागले. दिसला तर दाबलंच, नाही दिसला तरी आला असणार म्हणून दाबलं. मध्येच ती बाई म्हणाली, "मॅम, ओन्ली व्हेन यू सी द लाइट." मी म्हटलं येस, येस, आणि वेग वाढवला.

बाहेर आले ती अगदी पहिला नंबर काढल्याच्या थाटात. कागदावर मात्र आलं की ही तपासणी विश्वास ठेवण्यालायक नाही. यंत्र मध्येमध्ये मुद्दाम दिवा लावत नाही, कोण लबाडी करतंय ते बघायला. मी बहुतेक सगळ्या ठिकाणी सापडले होते.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि पुण्याचा नसेचा स्कॅन मागितला. तो फाईलमध्ये होता. त्यांनी इथे नवा काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. डाव्या डोळ्याची नस वर्षभरात पातळ झाली होती. नेमकं किती दिसायचं गेलंय ते मात्र सांगता येत नव्हतं, कारण ज्या टेस्टने ते कळलं असतं ती मी हुशारी करून घालवली होती. मग त्यांनी विचारलं की औषध कुठलं आहे, उद्या बाटली घेऊन या. उद्या कशाला, मी म्हटलं, खाली गाडीतच आहे.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "गाडीत," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये."

मी खाली जाऊन बाटली घेऊन आले. गाडी उन्हात होती. बाटली हातात धरवत नव्हती, भट्टीतल्या शेंगेसारखी ती मी या हातातून त्या हातात घेत वर आणली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली, लगेच खाली ठेवली, आणि फार मऊ आवाजात जे बोलल्या ते मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं.

"हबीबती, तू एक दिवसही चुकली नाहीस यावर माझा विश्वास आहे. पण वर्षभर तू डोळ्यात जे घालत होतीस, ते औषध राहिलेलंच नव्हतं."

हे थेंब उन्हाने मरतात. शेगडीवरच्या कपाटात मरतात, इथल्या उन्हात उभ्या गाडीत तर दुपारपर्यंत टिकत नाहीत, आणि फोडल्यावर महिन्यानंतर त्यांचा भरवसा नसतो. त्यांनी नवीन बाटली लिहून दिली. चार आठवड्यांनी परत ये, म्हणाल्या, दाब उतरला तर हेच औषध पुरेल, नाही उतरला तर दुसरं जोडू किंवा लेझर करू. टेस्टही तेव्हाच, आज दमली आहेस आणि घाबरली आहेस. आणि भरवशाची टेस्ट हाती येईपर्यंत गाडी चालवायची नाही. बाकी सगळं मी मान खाली घालून ऐकलं होतं. हे शेवटचं ऐकून मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही बहुतेक दाबाला चांगलं नसेल म्हणून मी ते पुसलं.

त्या महिन्यात घरात क्रांती झाली. इडलीच्या पिठाला फ्रिजमधून बाहेर काढण्यात आलं आणि अंड्यांच्या कप्प्यात माझ्या बाटल्यांचा डबा बसला. मुलीने चालू बाटलीवर मार्करने तारीख घातली, फोनमध्ये गजर लावला आणि थेंब कसा घालायचा ते मला शिकवलं. वर्षभर मी दोन-तीन थेंब सोडून डोळे मिचकावत होते. एकच पुरतो, दुसरा गालावरून वाहून जातो. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरतं. "आई, नो ब्लिंकिंग," असं म्हणून ती समोर उभी राहायची. मी तिला लहानपणी नाकात थेंब घालायचे तेव्हा जी पळापळ व्हायची तिचा तिने पुरता सूड घेतला.

नवरा बिचारा कंपनीची बस सोडून मला पोचवायला लागला. वीस वर्षांत त्याने झोपेशिवाय प्रवास केला नव्हता. तो सिग्नल हिरवा झाल्यावर आधी विचार करतो आणि मग गाडी हलवतो. शेजारी बसून मी पायाने ब्रेक दाबत होते, ॲक्सिलरेटर दाबत होते. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की तू मागे बसत जा.

माझ्याबरोबर रोज गाडीतून येणारी शेजारीण होती, तिचीही पंचाईत झाली. ती मूळची रत्नागिरीची, तिच्या नवऱ्याचं शारजाच्या औद्योगिक भागात स्पेअर पार्टचं दुकान आहे. ती आणि मी आता माझ्या नवऱ्याच्या मागे दोघी बसायचो. एरवी ती गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोलते. काचबिंदू म्हटल्यावर मात्र एक दिवस आवाज खाली आणून, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्या बापाची नजर अशीच गेली, भाभी. दुखलं नाय, खुपलं नाय. दिसतंय की, म्हणून त्यांनी औषध सोडलं. एक दिवस पायरीच दिसली नाय. मग सगळं कळलं, पण काय करणार, खलास."

त्या दिवशी मी खरी घाबरले. तोपर्यंत मला गाडीचं वाईट वाटत होतं. ऑफिसात मी उजवा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, घरी स्वयंपाकघरातल्या फरश्या बघितल्या, कुठे काही गाळलेलं दिसतंय का ते शोधलं. काहीच सापडेना. सगळ्या फरश्या जागच्या जागी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की जे दिसत नाही ते मेंदू आजूबाजूचं बघून स्वतःच भरून काढतो, आणि एका डोळ्याचं कमी पडलेलं दुसरा डोळा सांभाळून घेतो, म्हणूनच माणसाला पत्ता लागत नाही. मला वाटलं, म्हणजे माझा मेंदूसुद्धा माझ्यासारखाच, कोरा पेपर म्हणून द्यायचा नाही.

हा आजार घराण्यात असू शकतो, म्हणून भावाबहिणींनी आणि मुलांनी तपासून घ्यायला हवं होतं. मी पुण्याला दादाला फोन केला. तो म्हणाला, तू आलीस की जाऊ दोघं, सुट्टीत. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चार दिवसांत तो तपासून आला. त्याचा दाब ठीक निघाला, पण आता दर वर्षी जाणार आहे, मी नसले तरी.

चार आठवडे झाले आणि आम्ही तिघंही दवाखान्यात गेलो. मुलीचे डोळेही तेव्हाच तपासले. तिचं सगळं चांगलं होतं, ते ऐकून माझ्या छातीवरचं निम्मं ओझं उतरलं. मग मी त्या अंधाऱ्या खोलीत गेले. त्याच फिलिपिनो बाईने डोळ्यावर पट्टी लावली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी मी ठरवलं होतं की दिसला तरच दाबायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. उजव्या डोळ्याला बटण भराभर वाजत होतं. डाव्याला मध्येच शांतता यायची. एक, दोन, तीन सेकंद काहीच नाही, आणि मला कळत होतं की आत्ता या शांततेत एखादा दिवा लागून गेला असेल आणि मला दिसला नाही. बोट बटणाकडे जात असूनही मी ते उचलून धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी जागा रिकाम्या सोडल्या, आणि त्या सोडताना मला फार वाईट वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला. सोळा. पुन्हा मोजला, सोळाच. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरचं माणूस दचकलं असेल. ना दुसरं औषध, ना लेझर. मग त्यांनी टेस्टचा कागद माझ्यापुढे ठेवला. उजवा डोळा स्वच्छ. डाव्याच्या चित्रात वरच्या अंगाला, नाकाच्या बाजूला, एक काळा डाग होता. लहान होता, पण होता. तो परत उजळणार नाही, त्या म्हणाल्या, पण दाब असाच राहिला तर बहुतेक वाढणारही नाही, आणि आपण लक्ष ठेवू. दोन्ही डोळे मिळून नजर पुरेशी आहे. गाडी चालव.

मी आनंदाने रडले. त्यात थोडं दुसरंही रडणं होतं. तो डाग सगळाच्या सगळा नशिबाचा नव्हता, त्यातला काही भाग माझ्या काटकसरीने गेला होता, आणि त्याचा हिशेब मला कुणीही विचारला नाही याचं जास्त वाईट वाटलं.

खाली पार्किंगमध्ये नवऱ्याने मुकाट्याने चावी माझ्या हातात दिली आणि मागे जाऊन बसला. तो मागच्या मागे झोपणार हे उघड होतं. मुलगी माझ्या शेजारी, उजवीकडे बसली; इथे स्टिअरिंग डावीकडे असतं. गाडी सुरू करायच्या आधी तिने तो कागद माझ्या मांडीवरून उचलला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "आई, शो मी. व्हेअर इज इट?"

मी उजवा डोळा झाकला आणि समोर काचेकडे बघत राहिले. तिने कागद बघून माझ्या नाकासमोर, जरा वर, उजव्या हाताला बोट धरलं आणि हळूहळू हलवायला लागली. बोट दिसत होतं, दिसत होतं, आणि मग नव्हतं. काळोख नाही, धुकं नाही, बोटाच्या जागी नुसती पलीकडची गाडी. स्वयंपाकघरात महिनाभर शोधून जे सापडलं नव्हतं ते तिला कागद बघून अर्ध्या मिनिटात सापडलं. मी तिला सांगितलं की आता नाही दिसत. तिचा हात तिथेच थांबला. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तिने श्वास आत घेतलेला ऐकू आला.

मग तिने बोट थोडं सरकवलं, दोन बोटांची रुंदी असेल, जास्त नाही. ते परत आलं. नखावरचं उडालेलं निळं पॉलिशसुद्धा दिसलं.

"हियर?"

"हो. इथे दिसतेस."

तिने कागदाची घडी केली आणि डोळे पुसले, मला कळणार नाही अशा बेताने. "ओके," ती म्हणाली. "देन आय विल ऑलवेज सिट ऑन धिस साइड."

ड्रायव्हरच्या शेजारी बसायला दुसरी बाजू असतेच कुठे. मी मान पूर्ण वळवून मागचा रस्ता बघितला आणि गाडी बाहेर काढली.